जुन्या लायब्रऱ्यांची पोस्टकार्डं जमवायचीत? गोव्यात बसून सुरुवात अशी करा

साधारण १९०० ते १९१५ ह्या काळात जगभर लोकांना चित्रांच्या पोस्टकार्डांचं वेड लागलं होतं. गावात मिरवण्यासारखं जे काय असेल, स्टेशन, कोर्ट, पूल, लायब्ररी, त्याचं कार्ड निघायचंच. कॅमेरा सगळ्यांकडे नव्हता, पेपरातली चित्रं धुरकट, मग लांबच्या नातेवाइकाला "बघ आमच्याकडे काय बांधलंय" हे दाखवायचं कसं तर कार्ड टाकून. त्यामुळे आज ज्या लायब्रऱ्या पडल्या, जळल्या किंवा ज्यांच्यात आता भलतंच ऑफिस बसलंय, त्या मुळात कशा दिसायच्या हे सांगणारी वस्तू बऱ्याचदा एवढीच उरते, साडेतीन बाय साडेपाच इंचाचा पुठ्ठा.

नवीन माणसाला हा छंद बरा पडतो कारण खर्च कमी, जागा लागत नाही, आणि स्टॅम्प किंवा नाण्यांच्या बाजारात जशी जुनी मुरलेली मंडळी बसलेली असतात तशी इथे कमी. पण गोव्यात राहून करणाऱ्याला दोन गोष्टी वेगळ्या पडतात. एक म्हणजे इथलीच कार्डं कमी आहेत आणि महाग आहेत. दुसरी म्हणजे पाऊस. दोन्हीवर पुढे बोलतो.

पायरी १ : विषय छोटा करा, अगदी छोटा

"जगातल्या सगळ्या लायब्रऱ्या" असं म्हणून सुरू केलंत तर सहा महिन्यांत डबा भरेल आणि त्यात काय आहे ते तुम्हालाच सांगता येणार नाही. उदाहरण घ्या कार्नेगीचं. अँड्र्यू कार्नेगी ह्या अमेरिकन पोलाद-उद्योगपतीच्या पैशातून १८८३ ते १९२९ ह्या काळात अडीच हजारांवर लायब्रऱ्या बांधल्या गेल्या, त्यातल्या दोन तृतीयांश तरी एकट्या अमेरिकेत, आणि खूप गावांनी आपापल्या लायब्ररीचं कार्ड काढलं. पायऱ्या, दोन खांब, मधे दार, असा साधारण साचा. स्वस्त मिळतात म्हणून लोक ढिगाने घेतात. माझं मत विचाराल तर नुसतं कार्नेगी जमवायला घेऊ नका, सरावासाठी चार-पाच घ्या, हातात धरून बघा, छपाई समजून घ्या, पुढे चला.

त्यापेक्षा एखादा धागा पकडा. गोव्याच्या माणसाला सहज सुचणारे काही सांगतो.

पहिला धागा पणजी. आपली आताची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी, जी पाटोला आहे, तिची सुरुवात १८३२ सालची, व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल ए काश्त्रुच्या वेळची. म्हणजे देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक लायब्रऱ्यांत ती येते. मधल्या काळात तिची नावं बदलली, जागा बदलल्या, आणि पुढे बरीच वर्षं ती आझाद मैदानासमोरच्या इमारतीत होती, जिथे आज इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा आहे. ह्या इमारतीच्या दारात निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर लुसियाड ह्या पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत ना, जॉर्ज कोलासूचं १९३५ चं काम, ते बघितलंच असेल. नसेल तर आधी ते बघून या, कार्डं कुठे पळून जात नाहीत.

दुसरा धागा पोर्तुगाल. गोव्यातले किती जण कोईंब्राला शिकायला गेले, तिथल्या युनिव्हर्सिटीची ज्वानिना लायब्ररी, १७१७ ते १७२८ दरम्यान बांधलेली, आत सगळं सोनेरी लाकूडकाम. तिची कार्डं भरपूर निघालीत, किंमतही बरी असते. तिथे रात्री वटवाघळं किडे खाऊन पुस्तकं वाचवतात म्हणे, आणि ती शिटतात म्हणून टेबलांवर चामडं पसरून ठेवतात. हे खरं आहे, थट्टा नाही.

तिसरा मुंबई. एशियाटिक सोसायटीची लायब्ररी जिथे आहे तो टाउन हॉल १८३३ चा, काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी १८७० ची. मुंबईची कार्डं त्या काळात मुबलक छापली गेली, त्यामुळे नवशिक्याला सापडायला सोपी.

आणि चौथा जरा खिन्न, पण मला आवडतो तो, जळलेल्या लायब्रऱ्या. बेल्जियममधल्या लुव्हेनची युनिव्हर्सिटी लायब्ररी ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने जाळली. आधीची कार्डं आहेत, नुसत्या भिंती उभ्या असलेली कार्डं तर ढिगाने आहेत. मग अमेरिकन वर्गणीतून दुसऱ्या जागी नवीन इमारत झाली, १९२८ ला उघडली, तिची कार्डं, आणि मे १९४० ला तीही जळली. एकाच लायब्ररीची पंधरा-वीस कार्डं लावली की सगळी गोष्ट समोर उभी राहते, आणि खर्च म्हणाल तर एका बऱ्या मासळीच्या जेवणाएवढासुद्धा नाही. म्हणजे पंधरा-वीसांचा नव्हे हो, एकाचा.

पायरी २ : विकत घेण्याआधी घरात बघा

हे लोक विसरतात. आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या घरातलं कोणीतरी मुंबईला, कराचीला, आफ्रिकेत, लिस्बनला गेलेलं असतं आणि त्यांनी कार्डं पाठवलेली असतात. लोरेंसु मार्कीश म्हणजे आताचं मापुतो, बैरा, लुआंडा, कोईंब्रा. ती कुठे असतात तर पत्र्याच्या पेटीत, देवघराच्या फडताळात, जुन्या पंचांगात खूण म्हणून, किंवा फोटोच्या फ्रेमच्या मागे पुठ्ठा म्हणून.

"आजी, ती पेटी एकदा उघडूया गे" असं म्हणायचं आणि दुपारभर बसायचं. घाई करायची नाही, कारण कार्डाइतकीच किंमत आजीच्या बोलण्याला आहे, हा कोण, हा तिकडे काय करायचा, परत आला की नाही. फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा, विचारून. शेजारच्या कॅथलिक घरात ओळख असेल तर आंटीला विचारा, पण तिथे विकत मागायला म्हणून जाऊ नका. बघायला मागा, स्कॅन करायला मागा. द्यायचं असेल तर ती स्वतःच देते. मागून घेतलेल्या वस्तूवरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं आपल्या गावांत काही नवीन नाही.

आणि एक, लायब्ररीच्या जुन्या पुस्तकात कार्ड सापडलं तर ते काउंटरवर द्यायचं. ते तुमचं नाही.

पायरी ३ : कार्ड वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बहुतेक नवीन लोक चित्राची बाजू बघून पैसे देतात, पण कार्डाचं वय, खरेपणा आणि अर्धी गंमत मागच्या बाजूला असते.

सुरुवातीची कार्डं नुसती मजकुराची होती. पहिलं सरकारी पोस्टकार्ड १८६९ ला ऑस्ट्रियात निघालं आणि ब्रिटिश हिंदुस्थानात १ जुलै १८७९ ला, पाव आण्याचं. चित्रं नंतर आली. सुरुवातीला मागची पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी राखलेली असायची, तिथे मजकूर लिहायची परवानगीच नव्हती, म्हणून लोक चित्राच्या कडेला, आकाशात, रस्त्यावर, जिथे पांढरं दिसेल तिथे बारीक अक्षरात लिहायचे. पुढे मागच्या बाजूला मधे उभी रेघ आली, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. ब्रिटनमध्ये हे १९०२ ला, फ्रान्समध्ये १९०४ ला, जर्मनीत १९०५ ला, अमेरिकेत १ मार्च १९०७ ला. म्हणजे अमेरिकन लायब्ररीचं कार्ड आहे आणि मागे रेघ नाही तर ते बहुतेक १९०७ च्या आधीचं. एवढं एक कळलं तरी विकणाऱ्याने लिहिलेल्या निम्म्या तारखा तुम्हाला तपासता येतात.

अमेरिकन कार्डांचे पुढचे टप्पेही लक्षात ठेवायला सोपे आहेत. चित्राभोवती पांढरी चौकट असेल तर साधारण १९१५ ते १९३०. कागदाला कापडासारखी वीण आणि भडक रंग असतील तर १९३० ते १९४५, त्याला लिनन म्हणतात. गुळगुळीत चकचकीत रंगीत फोटो असेल तर १९३९ नंतरचं, बहुतेक युद्धानंतरचंच. मागे जर्मनी किंवा सॅक्सनीत छापल्याचं लिहिलं असेल तर पहिल्या महायुद्धाआधीचं असायची शक्यता जास्त, कारण तोवर जगातली चांगली रंगीत कार्डं जर्मनीतच छापली जायची, अगदी मुंबई-मद्रासचीसुद्धा. आणि त्या रंगांवर विश्वास ठेवू नका बरं का. ब्लॅक अँड व्हाइट फोटो बोटीने जर्मनीला जायचा आणि तिथला कारागीर, ज्याने हिंदुस्थान कधी बघितलेला नाही, तो आपल्या मनाने आकाश गुलाबी आणि भिंत पिवळी करायचा.

आता एक भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं, सोनाराकडे असतं तसं, दोन-तीनशे रुपयांत येतं. चित्रावर धरा. ओळीने ठिपके दिसले तर छापील कार्ड. ठिपके अजिबात नसतील आणि करडा रंग सलग उतरत गेलेला असेल तर तो खरा फोटो, फोटोच्या कागदावर काढलेला. अशी फोटो-कार्डं थोडीच निघायची, कधी गावातल्या स्टुडिओने पंचवीस-पन्नास काढलेली, म्हणून किंमत जास्त. ह्या फोटो-कार्डांच्या मागे स्टॅम्पच्या चौकोनात कागदाच्या कंपनीचं नाव असतं, त्यावरूनही वय काढता येतं. उदाहरणार्थ अॅझोच्या कागदावर चौकोनाच्या कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर टोक करून असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर दोन खाली असतील तर त्यानंतरचा.

गोव्याच्या कार्डांसाठी ह्याशिवाय आणखी खुणा आहेत, आणि इथे आपल्याला बाहेरच्या कलेक्टरपेक्षा जरा जास्त कळतं.

पणजी १८४३ पासून सरकारी कागदांत नोव्हा गोवा झाली, त्यामुळे कार्डावर नुसतं पणजी शोधत बसाल तर बरंच काही निसटेल. पोर्तुगालच्या राजाचा स्टॅम्प असेल तर बघा कोणता, दों कार्लोस १९०८ ला मारला गेला, त्याचा मुलगा दों मानुएल १९१० ला गादीवरून गेला, मग त्याच राजांच्या स्टॅम्पांवर रिपब्लिका असा शिक्का मारून ते वापरले. स्टॅम्पवर टांगा असतील तर १९५९ च्या आधीचा, तेव्हा सोळा टांगांचा एक रुपया होता, १९५९ पासून एस्कुदो आणि सेंताव्हु आले. झेंडा दिसत असेल तर निळा-पांढरा राजाचा, हिरवा-लाल १९१० नंतरचा, अर्थात रंग छपाईवाल्याने मनाने भरलेले नसतील तर.

स्पेलिंगचं तर मला फार आवडतं. पोर्तुगालने १९११ ला स्पेलिंगं सुधारली. त्याआधी बिब्लिओतेका लिहिताना टीच्या मागे एच लावायचे, फोटोग्राफियात पी-एच असायचं, आणि इंडिया पोर्तुगेझा मध्ये झेड. नंतर एच गेला, पी-एचचा एफ झाला, झेडच्या जागी एस आला. नवीन स्पेलिंग असेल तर कार्ड १९११ च्या आधीचं असायची शक्यता कमी. उलटं मात्र म्हणता येत नाही, कारण छापखान्यात जुने ब्लॉक वर्षानुवर्षं वापरत आणि म्हाताऱ्या कंपोझिटरच्या सवयी सरकारी हुकुमाने बदलत नसतात.

पोस्टाच्या शिक्क्याचंही तसंच. शिक्का १९१२ चा म्हणजे कार्ड १९१२ ला किंवा त्याआधी छापलेलं, एवढंच कळलं. दुकानात ते पाच वर्षं पडून असेल, फोटो त्याच्याही आधीचा असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो लायब्रऱ्यांची कार्डं जमवणाऱ्यांनाच पडतो. कार्डावर इमारत आहे हे मान्य, पण त्या वेळी लायब्ररी तिच्यात होती का? कलकत्त्याचं बेल्व्हेडेअर घ्या. आज ती नॅशनल लायब्ररी, पण लायब्ररी तिथे लोकांसाठी उघडली १९५३ ला. त्याआधीचं कार्ड म्हणजे गव्हर्नरसाहेबाचा बंगला, लायब्ररी नाही. आणि उलट, मेटकाफ हॉलचं १९०५ चं कार्ड वर लायब्ररी असं न लिहिताही लायब्ररीचंच आहे, कारण १९०३ ला लॉर्ड कर्झनने इंपीरियल लायब्ररी तिथेच उघडली. पणजीचं पण असंच. मैदानासमोरची ती लांब इमारत मूळची क्वार्टेल, म्हणजे लष्करी बराक. लायब्ररी १९२५ ला इन्स्टिट्यूटो वास्को द गामाला जोडली गेली, आणि ह्याच संस्थेचं नाव मुक्तीनंतर मिनेझिस ब्रागांझा झालं. त्यामुळे १९०५ च्या क्वार्टेलच्या कार्डाला "गोव्याची लायब्ररी" म्हणून कोणी तिप्पट भाव लावत असेल तर तेव्हा लायब्ररी तिथे होती ह्याचा पुरावा मागा, नसेल तर हसून पुढे जा. इमारत म्हणून घ्यायचं असेल तर घ्या, भाव मात्र बराकीचा द्या.

पायरी ४ : शोधताना कोणते शब्द टाकायचे

ऑनलाइन नुसतं लायब्ररी पोस्टकार्ड टाकलंत तर हजारो अमेरिकन कार्डं येतील. चांगला माल दुसऱ्याच नावाखाली लपलेला असतो आणि तो स्वस्तही असतो कारण लायब्ररीवाले तिथे पोचत नाहीत.

मुंबईसाठी एशियाटिक लायब्ररी टाकू नका, टाउन हॉल टाका, एल्फिन्स्टन सर्कल टाका. डेव्हिड ससूनसाठी ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट टाका, जुन्या कार्डांवर तेच नाव असतं. मद्रासची कॉनेमारा लायब्ररी, १८९६ ची, म्युझियमच्या आवारात आहे म्हणून मद्रास म्युझियम शोधा. पणजीसाठी नोव्हा गोवा, क्वार्टेल, आणि आफोंसु द आल्बुकेर्क हे नाव, कारण आझाद मैदानावरच्या त्या खांबांच्या मंडपात आधी त्याचा पुतळा होता, आणि पुतळ्याच्या कार्डात मागे काय इमारत आलीय ते झूम करून बघायचं. अर्थात हे सगळं रोमन लिपीत टाइप करायचं, दोन्ही स्पेलिंगांनी, टीच्या मागे एच लावून आणि न लावून.

प्रकाशकांची नावंही शोधा. मुंबईचे क्लिफ्टन अँड कंपनी, मद्रासचे हिगिनबॉथम, लंडनचे राफाएल टक, गोव्यात नोव्हा गोव्याचे फोटोग्राफर सोझा अँड पॉल. विकणारे पुष्कळदा कार्डावर जे छापलंय तेवढंच टायटलमध्ये टाकतात.

पायरी ५ : खरेदी

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, हणजुणचा बुधवारचा फ्ली मार्केट, मडगाव-पणजीतली जुन्या फर्निचरची दुकानं, इथे फेरी मारत राहा पण फार आशा ठेवू नका. कार्डं मिळालीच तर फर्निचरवाल्याकडे कपाटाच्या खणात राहिलेली मिळतात, त्याला एकदा सांगून ठेवा की कागद फेकू नको, मला फोन कर. हे काम करतं. स्टॅम्प-नाण्यांची प्रदर्शनं लागतात तिथे कोपऱ्यात एखादा तरी डीलर पोस्टकार्डांचे खोके घेऊन बसलेला असतो. मुंबईला गेलात तर चोर बाजारची मटण स्ट्रीट, शुक्रवार सोडून.

ऑनलाइन ईबे आहेच, पण पोर्तुगीज आणि युरोपियन कार्डांसाठी डेलकॅम्प ही साइट बघा, तिथे देश आणि विषयाप्रमाणे खणच पाडलेले आहेत. लिस्बनला कोणी नातेवाईक असेल तर त्याला मंगळवारी किंवा शनिवारी फेइरा दा लाद्राला पाठवा, तिथल्या चोर बाजारालाच म्हणा ना. भाचा कुरकुर करेल पण जाईल.

बाहेरून मागवताना कार्ड चार डॉलरचं आणि शिपिंग दहा डॉलरचं असा प्रकार होतो, म्हणून एकाच विकणाऱ्याकडून पाच-सहा कार्डं एकत्र घ्या आणि शिपिंग एकदाच लावायला सांगा, बहुतेक जण लावतात. कस्टम ड्युटी लागू शकते हे धरून चला.

पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंचे मोठे फोटो मागा. कोपरे दबलेत का, मधून घडी आहे का, स्टॅम्प उपटून काढलाय का, अल्बमच्या कोपऱ्यांचे डाग आहेत का, भोकं आहेत का. घडी पडलेल्या कार्डाची किंमत धाडकन खाली येते. पण मागे लिहिलेलं कार्ड कोऱ्यापेक्षा कमी, हे मात्र डोक्यातून काढून टाका. स्टॅम्पवाले लोक कोरं मागतात, आपल्याला मजकूर हवा. "आज ह्या लायब्ररीत बसून हे लिहितोय" असं एखादं वाक्य मिळालं तर दुप्पट द्यायला माझी ना नाही.

नकली मालही असतो, विशेषतः गोव्याच्या नावावर, कारण टुरिस्ट घेतात. भिंगाखाली प्रिंटरच्या शाईचे रंगीबेरंगी विस्कटलेले ठिपके दिसले की समजायचं. नोटा तपासायचा यूव्ही (अल्ट्राव्हायोलेट) टॉर्च मिळतो तो अंधारात कार्डावर मारा. कागद पांढराफटक चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा, कारण कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती रसायनं तोवर वापरात नव्हती. जुना कागद मंद, मळकट दिसतो. कोपरे हाताने घासून गोल केलेले, चहात बुडवून पिवळं केलेलं, असंही करतात. चहाचा पिवळेपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो, खऱ्या जुन्या कार्डाला कडेने जास्त आणि मधे कमी असतो.

पायरी ६ : पावसाळा

इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं की कार्डं "थंड कोरड्या जागी" ठेवा. जून ते सप्टेंबर गोव्यात कोरडी जागा दाखवा मला. इथे जोडे हिरवे होतात, मीठ वाहतं, आणि कागद तर काय.

पहिलं म्हणजे एकेका कार्डाला पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट. बाजारात लग्नाच्या अल्बमची जी जाड, वासाची, चिकट प्लास्टिकची पानं मिळतात ती पीव्हीसीची असतात, ती अजिबात नकोत, काही वर्षांत कार्डाची शाई उचलून घेतात. चिकटवायचा अल्बम नको. सेलोटेप नको. आणि कृपा करून लॅमिनेशन नको. लॅमिनेट केलेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, ते परत काढता येत नाही.

पाकिटातली कार्डं उभी ठेवा, चपलेच्या खोक्याएवढ्या पेटीत, फार दाबून नाही. ती पेटी घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, स्वयंपाकघरात असतात तसल्या, आणि डब्यात सिलिका जेल. रंग बदलणारं घ्या म्हणजे ओलं झालेलं कळतं, मग साधारण १२० डिग्रीला ओव्हनमध्ये सुकवून परत वापरायचं, फक्त ज्या ट्रेत सुकवाल ती जेवणाला वापरायची नाही. डब्यात एक छोटा आर्द्रता दाखवणारा मीटर टाका, काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहिला की पुष्कळ झालं. डबा बंद करायचा दिवस मात्र मे महिन्यातला कोरड्या दुपारचा हवा. जुलैत पाऊस पडत असताना डबा भरून झाकण लावलंत तर ओली हवाच आत कोंडून ठेवलीत.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, विशेषतः जुन्या चिऱ्याच्या घरांत, पावसात ती भिंत आतून गार आणि ओलसर असते. खाली वाळवी, म्हणून जमिनीवर नको. माळ्यावर उंदीर आणि गळती, म्हणून तिथेही नको. मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट, मधला खण.

दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. बारीक पांढरी-करडी बुरशी दिसली तर ते कार्ड लगेच वेगळं करा, खोलीत सुकू द्या, मग व्हरांड्यात मास्क लावून मऊ ब्रशने हलकेच झटका. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, उन्हात तापवायचं नाही, ऊन रंग खातं. कसर लागली असेल तर कडा कुरतडलेल्या दिसतात, मग सगळा डबाच रिकामा करून साफ करायचा. हातमोजे लागत नाहीत, स्वच्छ कोरडे हात पुरे, मात्र मासे तळून आल्यावर नाही. खरे फोटो असलेली कार्डं मात्र कडेनेच धरा, बोटांचे ठसे त्यांच्यावर कायमचे बसतात.

पायरी ७ : नोंद ठेवा

साधी एक्सेल शीट चालते. नंबर, इमारत, गाव, प्रकाशक, मागची बाजू कशी, शिक्क्याची तारीख, कुणाकडून घेतलं, किती दिले, आणि एक रकाना "वय कशावरून ठरवलं" ह्याचा. तो शेवटचा रकाना लोक ठेवत नाहीत आणि मग दोन वर्षांनी आपणच १९०६ का लिहिलं ते आठवत नाही. नंबर पाकिटावर लिहा, कार्डावर पेनाने काही लिहायचं नाही. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा.

मजकूर पोर्तुगीजमध्ये असेल आणि अक्षर लागत नसेल तर गावात जुन्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेली माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे प्रिंट घेऊन जा. फोनवरचं भाषांतर छापील मजकुराला ठीक, हाताच्या अक्षरापुढे हात टेकतं. इमारतीचा इतिहास शोधायला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जुने पेपर आहेत, पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आहे. नुसतं "पोस्टकार्ड" म्हणू नका, कोणती इमारत आणि साधारण कोणतं साल ते सांगा, म्हणजे तिथल्या माणसाला मदत करता येते.

जमलं तर कार्डावरचा फोटो जिथून काढलाय तिथेच उभं राहून आजचा फोटो काढा. पणजीत हे रविवारी सकाळी आठच्या आधी करायचं, नंतर कॅसिनोच्या आणि टुरिस्टच्या गाड्यांमागे इमारतच दिसत नाही.

आणि अदलाबदल

डबल कार्डं होणारच. ती विकण्यापेक्षा बदला. पुण्या-मुंबईतल्या, पोर्तुगालमधल्या कलेक्टरना गोव्याचं साधं १९६०-७० मधलं रंगीत कार्डसुद्धा हवं असतं जे आपल्याला इथे सहज मिळतं, आणि त्यांच्याकडे आपल्याला हवं ते पडलेलं असतं. आधी दोघांनी दोन्ही बाजूंचे स्कॅन पाठवायचे, कुठे घडी-डाग आहे ते स्पष्ट सांगायचं, मगच पत्ते द्यायचे. पाठवताना कार्ड पाकिटात, पाकीट दोन कडक पुठ्ठ्यांच्या मधे, पुठ्ठ्यांच्या कडा कागदी टेपने बंद, वरून एक प्लास्टिकची पिशवी आणि मग लिफाफा. साध्या टपालाने नको, स्पीड पोस्टाने, म्हणजे नंबर मिळतो. पावसाळ्यात तर पिशव्या दोन घाला, आणि महागाचं कार्ड असेल तर सरळ गणपती झाल्यावर पाठवतो म्हणून सांगा, समजून घेतात लोक.